पाचवीचा कागद

धाराशिव
११ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. हॉस्टेलात मोबाइल चालत नाही. रविवारी वॉर्डन मॅडमच्या फोनवरून पाच मिनिटं मिळतात, पण मॅडम समोरच शेंगा सोलत बसतात. त्यामुळं "जेवलीस का", "जेवले" याच्या पुढं गाडी जात नाही. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली.

ताई, मला भीती वाटते. जीवशास्त्राची. परवाच्या सराव परीक्षेत तीनशे साठपैकी एकशे अठरा पडले. फिजिक्सला सगळेच रडतात, त्याचं काही नाही. पण बायोलॉजी म्हणजे मार्क मिळवून देणारा विषय, आणि मला तोच बुडवतोय. मी अभ्यास करत नाही असं समजू नकोस. पानंच्या पानं तोंडपाठ आहेत. सिद्धाराम सर धडा संपला की विचारतात, "कळलं का?" मी सगळ्यांच्या आधी मान हलवते. मग पेपरात तोच प्रश्न जरा फिरवून आला की चार पर्यायांपैकी चारही बरोबर वाटतात.

दिवाळीच्या आधी ज्यांचे मार्क दोनशेच्या आत असतील त्यांच्या घरच्यांना बोलावून घेणार आहेत आणि सांगणार आहेत, मुलीला या बॅचमधून काढा. आबा येतील. टोपी हातात घेऊन सरांपुढं उभे राहतील. बेंबळीत ते चारचौघांत म्हणतात, "आमची करिश्मा डाक्टर व्हनार." ते डोळ्यांपुढं आलं की ताट तसंच सोडून उठते.

आबांना सांगू नकोस. आईलाही नको, ती लगेच नवस बोलेल. दाजींना नमस्कार, कार्तिकीला पापा.

तुझी,
करिश्मा


तामलवाडी
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय करिश्मा,

पोस्टमन दारात आला तर सासूबाईंना वाटलं, कोर्टाचं काही आलं. पाकीट उघडेपर्यंत हलल्या नाहीत.

एकशे अठरा पडले म्हणून एवढी हाय खातेस होय? अगं, आपल्या घरात कागद वाचणारी तू. विजेचं बिल आलं, बियाणाच्या पिशवीवर काही छापलेलं असलं, औषधाची बाटली आली की आबा म्हणायचे, "करिश्माकडं द्या." तूही चष्मा नसताना चष्मा लावल्यासारखा चेहरा करून वाचायचीस. मी बारावी आर्ट्स करूनही माझ्या हातात कुणी कागद देत नसे.

तर आता मी तुझी शाळा घेते. दर आठवड्याला मला एक धडा पत्रातून शिकवायचा. आईला सांगतेस तसा. मला कळला तर तुला कळला. मला नाही कळला तर पाठ असला तरी आला नाही असं समजायचं. इंग्रजी शब्द आला तर त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात पाहिजे.

पहिला धडा रक्ताचा पाठव. पानाफुलांचं मागनं बघू. रक्ताचे गट असतात ना, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, ते नीट सांग. का म्हणून विचारू नकोस. गिऱ्हाईक म्हणेल तो माल द्यायचा.

कार्तिकी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची पुरी होईल. दिवसभर शेळीच्या पाठी असते. ह्यांचं द्राक्षांचं काम सुरू आहे. माझं बरं आहे.

तुझी,
ताई


धाराशिव
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

घे रक्ताचा धडा. रक्त ही द्रवरूप संयोजी ऊती आहे. तिच्यात प्लाझ्मा आणि रक्तपेशी असतात. लोहित रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील प्रतिजनांनुसार ए, बी, एबी आणि ओ असे गट पडतात. यांखेरीज आरएच हा प्रतिजन ज्यांच्यात असतो ते आरएच पॉझिटिव्ह, नसतो ते आरएच निगेटिव्ह. आरएच निगेटिव्ह मातेच्या गर्भात आरएच पॉझिटिव्ह अर्भक असल्यास प्रसूतीच्या वेळी मातेचा अर्भकाच्या रक्ताशी संपर्क येऊन मातेत प्रतिपिंडे तयार होतात. पुढील गर्भारपणात ती अर्भकाच्या लोहित पेशी नष्ट करू शकतात. यास एरिथ्रोब्लास्टोसिस फीटॅलिस म्हणतात. हे टाळण्यासाठी पहिल्या प्रसूतीनंतर लगेच मातेस प्रतिपिंडे दिली जातात.

झालं बघ. न बघता लिहिलं. कालच्या परीक्षेत एकशे एकतीस आले, म्हणजे तुझी युक्ती लागू पडतेय. पुढच्या वेळी किडनी पाठवू?

तुझी,
करिश्मा


तामलवाडी
३ सप्टेंबर २०२४

प्रिय करिश्मा,

किडनी राहू दे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. यातलं मला एक अक्षर कळलं नाही, आणि तुला तरी कळलंय का, याची शंका आहे. हा धडा तू शिकवलेला नाहीस, पुस्तकातनं उचलून पाकिटात घातलास. आमच्या गल्लीत एक बाई आरत्या अशाच म्हणते. अर्थ विचारला की चिडते.

पुन्हा लिही. सगळं नको, फक्त शेवटचं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तर नेमकं काय होतं? पहिल्या बाळाला काही होत नाही आणि दुसऱ्याला होतं, असं का? दोघांची आई तर एकच. आणि ते "लगेच देतात" म्हणजे काय देतात, गोळी, सलाईन, का इंजेक्शन? लगेच म्हणजे किती दिवसांत?

चिडू नकोस. मी अडाण्यासारखं विचारते कारण मला खरंच समजून घ्यायचंय. जरा लवकर लिही. पोस्टमन आता वाट वाकडी करून आपणहून सांगतो, "आज काय न्हाय, वहिनी."

तुझी,
ताई


धाराशिव
८ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

आधी राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग पुस्तक मिटून ठेवलं आणि तू समोर बसलीस असं धरलं. तुझ्या पहिल्याच प्रश्नाला अडकले. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला का? मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सरांकडं जाऊन म्हटलं, "सर, कळलं नाही."  मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. आता ऐक.

आपल्या शेळ्यांच्या शिंगांना आबा लाल रंग लावतात, चुकली तर ओळखू यावी म्हणून. रक्तातल्या लाल पेशींवर तशी एक खूण असते. ज्यांच्या पेशींवर खूण आहे ते पॉझिटिव्ह. ज्यांच्यावर नाही ते निगेटिव्ह. दोन्ही माणसं धडधाकट असतात. निगेटिव्ह म्हणजे काही वाईट नव्हे.

आता आई बिनखुणेची आणि बाळ बापावर गेलेलं, म्हणजे खुणेचं. नऊ महिने दोघांचं रक्त वेगळं वाहतं, मध्ये वारेचा बांध असतो. बाळंत होताना तो बांध फुटतो आणि बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात शिरतं. आईच्या अंगाला ती खूण नवीन. परक्या शेळ्या रानात शिरल्या म्हणून ते जागं होतं, काठी शोधतं. पण काठी सापडेपर्यंत पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं, म्हणून त्याला काही होत नाही. मात्र अंग ते विसरत नाही. काठी तयार करून कोपऱ्यात ठेवतं. पुढच्या खेपेला पोटात पुन्हा खुणेचं बाळ आलं की ती काठी त्या बाळावरच चालते. त्याचं रक्त पोटातच फुटायला लागतं. बाळ पिवळं पडतं, सुजतं. कधी कधी

आणि हे टाळायला एकच उपाय असतो. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन. ते आत शिरलेल्या शेळ्या गुपचूप हाकलून देतं. अंगाला पत्ताच लागत नाही, मग काठी तयार होत नाही. तीन दिवसांच्या आत. पाचव्या दिवशी दिलं तर त्याचा

ताई, तुझा ग्रुप कुठला? कॉलेजात रक्तदानाचं शिबिर झालं होतं तेव्हा तुला कार्ड मिळालं होतं. बी निगेटिव्ह. "आमच्या वर्गात मी एकटीच" म्हणून तू ते कार्ड मिरवत होतीस. तू हे का विचारतेस?

पुढं लिहवत नाही.


तामलवाडी
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय करिश्मा,

तुझं पत्र अर्ध्या पानावर तुटलंय, खाली नावही नाही. पण या वेळी सगळं समजलं. इतकं समजलं की उठून पाणी प्यायले.

तुझ्यापासून लपवलं, त्याचा राग मानू नकोस. मला दिवस गेलेत. सहावा लागलाय. आमच्याकडं पाचवा सरेपर्यंत माहेरी सांगत नाहीत, आणि तुझ्या परीक्षेत कशाला भर म्हणून नंतरही बोलले नाही.

जुलैमध्ये उपकेंद्रात नाव घातलं. महादेवी सिस्टरनी रक्त बघितलं आणि विचारलं, "निगेटिव्ह आहे. पहिल्या वेळेला इंजेक्शन घेतलं होतं ना?" शेजारी सासूबाई. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पयलं बाळंतपण म्हायेरचं. त्यास्नी समदं नीट केलं आसंल की." आता तिथं मी काय बोलू? मला आठवत नाही म्हटलं असतं तर गावभर झालं असतं, की बेंबळीकरांनी लेकीच्या बाळंतपणात हयगय केली. मी म्हटलं, "घेतलं होतं." सिस्टरनी कार्डावर तसं लिहिलं.  कुणाला विचारायची सोय नाही. म्हणून तुझ्याकडनं धडा काढून घेत होते. माझं गिऱ्हाईकपण हे असलं.

मग मी आठवायला बसले. कार्तिकीच्या वेळी दुसऱ्या दिवशी आपण दवाखान्यातनं घरी आलो. तिसऱ्या दिवशी आबा कार्तिकीच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला गेले आणि येताना एक चिठ्ठी घेऊन आले. मी बाळंतिणीच्या खोलीत, शेक घेत पडलेले. बाहेर आबांचा आवाज आला, "करिश्मे, वाच गं काय लिवलंय." तू वाचलीस. पुढचं मला ऐकू आलं नाही, पोरगी रडत होती.

पण चिठ्ठी तू वाचली होतीस, म्हणून मला धीर आहे. तिच्यात इंजेक्शनचं असतं तर तू तिथल्या तिथं सांगितलं असतंस. म्हणजे दवाखान्यातच देऊन झालं असणार. तसंच असेल ना? कळांच्या गुंगीत मला किती टोचलं हे कुठं आठवतंय! तू फक्त लिही, चिठ्ठीत काय होतं. तेवढं वाचलं की मी निवांत होते.

तुझी,
ताई


धाराशिव
२० सप्टेंबर २०२४

ताई,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मी ती चिठ्ठी वाचली नव्हती.

आबांनी हातात दिली ते खरं. मी नववीत होते, आठवी तर सगळी घरात मोबाइलवर झालेली. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्या चाललेल्या. एक शब्द लागला नाही. आबा समोर उभे, आई तांब्या घेऊन उभी, शेजारची शांताक्का आलेली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला "येत नाही" म्हणायची लाज वाटली. मी चष्मा लावल्यासारखा चेहरा केला आणि म्हटलं, "ताकदीचं टॉनिक आहे. सवडीनं आणलं तरी चालतं." आबा म्हणाले, "मग बाजाराच्या दिवशी आणू." कुणालाच शंका आली नाही. माझ्यावर कोण कशाला शंका घेईल?

आणि मग पाचवी. आईनं पूजा मांडली, पाटा, दिवा, लेखणी. म्हणाली, "सटवाईला लिवाया कोरा कागद आन." माझ्या वह्या शाईनं भरलेल्या. ती चिठ्ठी खिडकीत होती. मागची बाजू कोरी, स्वच्छ. मी तीच उलटी करून पाटावर ठेवली. ताई, ज्या कागदावर इंजेक्शन लिहिलेलं होतं तोच मी पालथा घालून सटवाईपुढं ठेवला, पोरीचं नशीब लिही म्हणून. बाजाराचा दिवस आला तेव्हा चिठ्ठी देवाची झाली होती, आईनं ती कुठंतरी जपून ठेवली. टॉनिकचं सगळे विसरले.

त्यात इंजेक्शनच होतं की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. पण तिसऱ्या दिवशी, बाळाच्या रक्ताच्या रिपोर्टबरोबर दवाखाना चिठ्ठी देतो ती कशाची असेल, हे आता मला समजतं. समजलं नसतं तर बरं झालं असतं.

मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि मी मान हलवली. आजवर तेच करत आले. पेपरात त्याचे मार्क जातात. इथं बाळ आहे.

ताई, कार्डावर "घेतलं" असं लिहिलंय म्हणून तुला कुणी तपासणार नाही. उद्याच्या उद्या सिस्टरकडं जा आणि खरं सांग. माझं नाव सांग. गावभर झालं तरी चालेल. एक वेगळी रक्ततपासणी असते, काठी तयार झाली आहे की नाही ते तिच्यात कळतं. सरांना विचारून लिहितेय. मला काय बोलायचं ते नंतर बोल.

करिश्मा


धाराशिव
६ ऑक्टोबर २०२४

ताई,

सोळा दिवस झाले. दोन्ही रविवारी फोन केला. एकदा दाजींनी उचलला, म्हणाले, "ती शेतात हाय." एकदा तू होतीस, "बरं आहे" म्हणालीस आणि कार्तिकीच्या हातात फोन दिलास. मॅडम समोर शेंगा सोलत होत्या. मला विचारता आलं नाही.

राग आहे ना? असू दे. पण गेलीस का, एवढंच लिही. एका कागदावर "गेले" लिहून टाक, बाकी काही लिहू नकोस. बाहेर पोस्टमनची सायकल वाजली की मी फाटकापर्यंत जाऊन बघते.

करिश्मा


तामलवाडी
१३ ऑक्टोबर २०२४

करिश्मा,

गेले.

तुझं पत्र गोठ्यात उभी राहून वाचलं. पहिल्यांदा तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर हात उचलला असता. दोन दिवस जेवले नाही. मग लक्षात आलं की सिस्टरपुढं मीही तेच केलं. तू लाजेपायी टॉनिक म्हणालीस, मी लाजेपायी "घेतलं" म्हणाले. तू तर नववीतलं पोर होतीस. मी दुसऱ्यांदा आई व्हायला निघालेली बाई.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना बरोबर घेऊनच उपकेंद्रात गेले. म्हटलं, जे व्हायचं ते समोर होऊ दे. सिस्टरना सांगितलं, "मागं खोटं बोलले. इंजेक्शन घेतलेलं नाही." सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता बेंबळीचा उद्धार होणार. त्या एवढंच म्हणाल्या, "आगं, मंग तीन म्हयने गप का बसलीस?" आणि सिस्टरना विचारलं, "आता कुठं न्यायचं हिला, ते सांगा."

तीस तारखेला धाराशिवला मोठ्या दवाखान्यात आलो. रिक्षा तुझ्या हॉस्टेलच्या फाटकासमोरनं गेली. ह्यांनी विचारलं, "थांबायचं का?" मी नको म्हटलं. तुझं तोंड बघितलं असतं तर रडले असते आणि मग त्या डॉक्टरीणबाईंपुढं बोलता आलं नसतं. त्यांनी रक्त बाहेर तपासायला पाठवलं. रिपोर्टला आठ दिवस लागले. नवरात्र चालू, घरासमोरच्या रस्त्यानं माणसं तुळजापूरला पायी चाललेली, आणि मी दारात बसून पोटावर हात ठेवायची. बाळ हललं की बरं वाटायचं. तासभर हललं नाही की जीव जायचा.

रिपोर्ट आला. अजून काठी तयार झालेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नशीब आहे. सगळ्यांच्यात होतंच असं नाही." पण लगेच म्हणाल्या की आज नाही म्हणजे पुढं नाही असं नव्हे. दर महिन्याला तपासायचं, सातव्यात एक इंजेक्शन, बाळंत झाल्यावर परत एक. आणि जुनी चिठ्ठी मिळाली तर आणा म्हणाल्या, त्या वेळी नेमकं काय सांगितलं होतं ते त्यांना बघायचंय.

दिवाळीला बेंबळीला जाशील तेव्हा ती चिठ्ठी शोध. आई-आबांना मी काही कळवलेलं नाही. ते तुझं काम.

ताई


बेंबळी
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

आज भाऊबीज. तू आली नाहीस, त्यामुळं घर मोकळं वाटतंय. प्रवास नको म्हणाले ते बरंच झालं.

चिठ्ठी सापडली. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात, कार्तिकीची वाळलेली नाळ, लेखणी आणि घडी केलेली ती. कोऱ्या बाजूला हळदीचं बोट उमटलंय. सटवाईनं काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

मग आई-आबांना समोर बसवून सगळं सांगितलं. आई रडायलाच लागली. आबांनी चिठ्ठी हातात घेतली. मला वाटलं, आता म्हणतील, शिक्षण बास. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "त्येवढं लोक म्होरं हुते म्हणून बोललीस व्हय. आमीच तुला लई शानी करून ठिवली." मग चिठ्ठी माझ्या हातात दिली. "आता वाच. न्हाय आलं तर न्हाय म्हन."

वाचली. वर तुझं नाव, वय. खाली आईचा गट बी निगेटिव्ह, बाळाचा बी पॉझिटिव्ह. मग इंजेक्शनचं नाव, आणि त्याखाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, प्रसूतीपासून बहात्तर तासांच्या आत, पेशंटला घेऊन येणे. टॉनिकचं कुठंही नाही. डॉक्टरांनी दोनदा रेघ मारली होती, ताई. त्यांनी आपलं काम केलं होतं.

शेवटच्या ओळीतले दोन शब्द लागत नाहीत. मी आबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग इचार कुनालातरी." मी चिठ्ठी सोबत पाठवत आहे आणि तिची स्वच्छ अक्षरात नक्कलही केली आहे. नकलेत त्या दोन शब्दांची जागा मोकळी सोडलीय. डॉक्टरीणबाईंना विचारून तूच भर.

मार्क विचारशील. दोनशे चौदा. आबांना बोलावणार नाहीत. मी आता मान हलवत नाही. सर "कळलं का" म्हणाले की कधी कधी वर्गात माझा एकटीचाच हात वर असतो, नाही कळलं म्हणून. मुली हसतात. सर हसत नाहीत. पण पेपर हातात आला की अजून घाबरते. रोज डोळे मिटले की बाळ पिवळं दिसतं. तुझं होईपर्यंत हे जाणार नाही.

इंजेक्शन कधी आहे ते कळव.

तुझी,
करिश्मा


तामलवाडी
१६ जानेवारी २०२५

प्रिय करिश्मा,

रविवारच्या फोनवर "मुलगी झाली, रडली" एवढंच तुला कळलं. आता सगळं लिहिते.

नऊ तारखेला सकाळी कळा सुरू झाल्या. सातव्यात इंजेक्शन झालं होतं, डिसेंबरची तपासणीही ठीक होती, तरी टेबलावर झोपले तेव्हा सारखं तुझं ते वाक्य आठवे, "काठी बाळावरच चालते." बाळ बाहेर आलं आणि पहिल्यांदा आवाजच आला नाही. किती वेळ गेला माहीत नाही, मला वर्ष गेल्यासारखं वाटलं. मग रडली. बाहेर सासूबाई म्हणाल्या म्हणे, "रडतीय न्हवं? मंग झालं."

गट पॉझिटिव्हच निघाला. सिस्टर चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "मोठ्यानं वाचून दाखवा." त्या हसल्या, पण वाचली. संध्याकाळच्या आत मला इंजेक्शन मिळालं. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे पिवळे दिसले आणि मी ओरडून सिस्टरना बोलावलं. तिला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही साधी कावीळ, पुष्कळ बाळांना होते, तुमच्या रक्ताचा संबंध नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. आता दूध पिते आणि झोपते.

तुझ्या चिठ्ठीतले दोन शब्दही त्यांनी वाचले. "उशीर नको." बस्स, एवढंच होतं. नकलेत मी माझ्या हातानं भरलेत.

माझा राग सगळा गेला असं लिहिणार नाही. मधूनच येतो. मग मी तुझं ते शेळ्यांचं पत्र काढून वाचते. तू ते लिहिलं नसतंस तर मी कार्डावरच्या खोट्यावर भरवसा ठेवून बसले असते आणि आज काय लिहीत असते, देव जाणे. तेव्हा आता परीक्षेला जा. तीनशे साठपैकी किती ते तू बघ, मला तू शिकवलंस तेवढं पुरलं.

परवा पाचवी झाली. पाटा मांडला, दिवा लावला, लेखणी ठेवली. सासूबाईंनी कोरा कागद मागितला. मी पेटीतनं तुझं आठ सप्टेंबरचं पत्र आणून ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं.

"आगं, ह्यो तर लिवल्याला कागद हाय. सटवाई लिवनार कुठं?"

"खाली आर्धं पान कोरं हाय की," मी म्हटलं. "तिथं लिवू द्या काय लिवायचं ते. पर आधी वरलं वाच म्हनावं तिला."

तुझी,
ताई